सत्तेचाळीस मिनिटं

विठू तांबे ओपीडीत आला तो स्वतःची तब्येत दाखवायला नव्हे. भाईंदर पश्चिमेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डॉ. व्हेरा मुनीस दर शनिवारी हृदयाचे पेशंट तपासायची; बाकीचे दिवस मुंबईतल्या मेडिकल कॉलेजात शिकवायची. विठूनं नंबर लावला, दोन तास बाकावर बसला, आणि आत आल्यावर शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला केसपेपर काढून टेबलावर ठेवला.

"हे माझ्या मिसेसचं आहे. यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा मॅडम. मला डॉक्टरांचं अक्षर लागत नाही."

व्हेरानं वाचलं. मंदा विठू तांबे, वय सेहेचाळीस. जबडा दुखतोय, घाम, मळमळ, पाठीत जडपणा. त्याखाली दोन शब्द : पित्त, टेन्शन. इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, घरी पाठवलं. ईसीजीचा रकाना कोरा होता.

"आता कशा आहेत त्या?"

"गेली ना. दुसऱ्या दिवशी सकाळी. शाळेच्या कॅन्टीनला जायला निघाली होती, चपला घालताना खाली बसली ती बसलीच."

व्हेरानं त्या कोऱ्या रकान्याकडे पुन्हा पाहिलं. विठूच पुढे म्हणाला, "मला भांडायचं नाहीये. घरी जाताना रिक्षात तिनं विचारलेलं, नक्की पित्तच आहे ना? मी बोललो, डॉक्टर बोलले ना, मग पित्तच. म्हणून म्हटलं, काय लिहिलंय ते तरी कळू दे."

तिनं त्याला खरं ते सांगितलं. ही लक्षणं हार्टची असू शकतात, ईसीजीची पट्टी काढायला हवी होती, काढली नाही. विठूनं कागद परत चार घड्या घालून खिशात ठेवला, मान डोलावली आणि निघून गेला. त्याच्यामागे दाराबाहेर अकरा पेशंट होते. व्हेरानं सगळ्यांना नीट तपासलं. शेवटचा गेल्यावर तिनं दार लावून घेतलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतका वेळ आपण दात आवळून बसलोय आणि आता कानशिलं ठणकताहेत.

राग तिला नवा नव्हता. उत्तनच्या स्टीवन मुनीसची ही थोरली मुलगी. बाप होडीवर जायचा, आई एल्सा बोंबील सुकवायची आणि पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायची. पाचवीत असताना एका गिऱ्हाइकानं आईला "ए मावशी, वास मारतेस, जरा लांब बस" म्हटलं, तर या पोरीनं त्याच्या पिशवीतला मासा काढून परत पाटीत टाकला होता. आईनं घरी येऊन पाठीत धपाटा घातला. "बाय, तुझा राग पोटाला खायला देनार न्हाय," ती म्हणाली होती. तो राग पुढे व्हेरानं अभ्यासात घातला. गावातली पहिली हार्टची डॉक्टर झाली, मग प्राध्यापक झाली, बेव्हर्ली पार्कात तिनं फ्लॅट घेतला. धाकटा भाऊ मार्क अजून होडीवर जातो. तो म्हणतो, ताईच्या समोर बसायचं तर आधी वारा कुठून वाहतोय ते बघावं लागतं.

सोमवारी ती ट्रस्टच्या गुणवंतभाईंसमोर जाऊन बसली. पासष्टीचा मऊ बोलणारा माणूस. हॉस्पिटल त्यांच्या वडिलांनी उभं केलेलं.

"वाईट झालं, डॉक्टर. पण तो डॉक्टर मुलगा नवा होता, ड्युटीवर एकटा होता. एका केसवरून आख्ख्या हॉस्पिटलला नाव ठेवणं बरोबर नाही."

"एकच केस आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मग किती आहेत?"

"ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मोजू या."

गुणवंतभाईंनी हो म्हटलं. अभ्यास म्हणजे दोन वर्षं कागद घुसळायचे आणि शेवटी कुणीच न वाचणारा लेख छापायचा, अशी त्यांची समजूत असावी. कॉलेजच्या समितीची रीतसर परवानगी निघाली. कॅज्युअल्टीच्या मुख्य सिस्टर ममता. त्यांनी कॅज्युअल्टी आणि ओपीडीचे तीन वर्षांचे जुने केसपेपर माळ्यावरून उतरवून दिले. व्हेराची विद्यार्थिनी क्षितिजा ते नोंदवायला बसली. मोजायचं एवढंच होतं : छाती, जबडा, पाठ, दम यांतली कुठलीही तक्रार घेऊन माणूस खिडकीशी आला ती वेळ केसपेपरवर छापलेली असते, ईसीजीची पट्टी निघाली ती वेळ पट्टीवर असते. मधली मिनिटं किती? मशीनचं घड्याळ सहा मिनिटं पुढे निघालं. ती सहा मिनिटं सगळीकडून वजा केली. दहा मिनिटांच्या आत पट्टी निघावी, हा जगभराचा नियम. तो त्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवरही फ्रेम करून लावलेला होता.

अकराशे चौऱ्याऐंशी कागद झाले. पुरुषांना साधारण चौदा मिनिटं लागत होती. बायकांना सत्तेचाळीस.

ज्यांची पट्टी निघालीच नाही अशांत चारांमागे तीन बायका होत्या. आणि त्यांच्या कागदांवर शब्द ठरलेले : पित्त. गॅस. टेन्शन. घरगुती ताण. पाळी जाण्याचं वय. एका कागदावर नुसतं लिहिलं होतं, 'सारखी रडते.' ती बाई चार दिवसांनी परत आली होती, स्ट्रेचरवर.

व्हेराचा पारा त्या महिन्यांत असा चढलेला असायचा की वॉर्डात तिचा पायरव ऐकून इंटर्न उभे राहायचे. एका लेक्चरला एका मुलानं सहज विचारलं, बायकांमध्ये लक्षणं अटिपिकल, म्हणजे वेगळी असतात ना मॅडम? ती फळ्याजवळून वळली. "जगातली निम्मी माणसं बायका आहेत. निम्म्या माणसांना होतं ते अटिपिकल कसं? आपण पुस्तक पुरुष बघून लिहिलं, असं सरळ म्हण." तिला स्वतःच्या सरांचं वाक्य आठवलं. तीस वर्षांपूर्वी, याच हॉलमध्ये : बाई छाती धरून आली की आधी मनाचा विचार करा, मग हृदयाचा. वर्ग हसला होता. तीही हसली होती, आणि वहीत लिहून घेतलं होतं.

मग एका शुक्रवारी क्षितिजाच्या टेबलावर एक कागद वेगळा ठेवलेला दिसला, पालथा.

"हा नोंदवला नाहीस?"

"मॅडम, हा... मी बाजूला ठेवलाय."

"का?"

व्हेरानं कागद उलटला. अक्षर ओळखायला तिला क्षणही लागला नाही. चांगुणा पाटील, वय बावन्न, राहणार राई. चालताना धाप लागते, पाठीत आवळल्यासारखं होतं, झोप नाही. खाली व्हेराच्याच ठसठशीत अक्षरात : 'काळजीपोटी. धीर दिला. महिन्यानं दाखवणे.' सही. शनिवारची तारीख. मागे दुसरा कागद टाचलेला होता, नऊ दिवसांनंतरचा : मोठा ॲटॅक, हृदयाची ताकद तीस टक्क्यांवर.

तिला ती बाई आठवेना. चेहरा, साडी, आवाज, काहीच आठवेना. त्या दिवशी किती पेशंट होते, आपण दमलो होतो का, घाईत होतो का, यांतलंही काही नाही. तिनं कागद दोनदा वाचला आणि तिला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर त्या 'धीर दिला' या शब्दांची.

"हा पण घे," ती क्षितिजाला म्हणाली. "आणि यापुढे कुणाचाही कागद बाजूला ठेवायचा नाही. माझा तर नाहीच."

विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. ते तिचे जुने स्नेही. "व्हेरा, हा कागद ओपीडीतला. अभ्यास फक्त कॅज्युअल्टीचा ठेव, शनिवारचे कागद आपोआप गळतील. आकड्यात काडीचा फरक पडणार नाही."

"आकड्यात नाही पडणार."

"मग हट्ट कशाला? लोक म्हणतील, बघा, हिनंच केलं आणि आम्हाला शिकवतेय."

"बरोबरच म्हणतील." ती उठली. "सर, त्या नव्या पोरानं मंदा तांबेला घरी पाठवलं म्हणून मी सहा महिने त्याच्या नावानं खडे फोडतेय. त्याला हे शिकवलं कुणी? मी शिकवलं. आपण शिकवलं."

पुढच्या रविवारी ती रिक्षा करून राईला गेली. खाडीच्या अंगाला जुनी घरं, त्यांच्या पाठीला लागून नव्या टॉवरची भिंत. चांगुणाबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. सून सलोनीनं खुर्ची आणून दिली. व्हेरानं नाव सांगितलं, मग कागद दाखवला, आणि आडपडदा न ठेवता बोलली : तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हाच तुमच्या हृदयाला त्रास सुरू झाला असावा. मी पट्टी काढायला हवी होती. मी काढली नाही. चूक माझी.

चांगुणाबाईंनी जुडी खाली ठेवली.

"मना वलखलास काय तू?"

"नाही. आठवत नाही मला."

"मना आठवतेस तू. मी बोलली, बाय, पाठ आवलते. तू मान वर न्हाय केलीस. बोललीस, घरात काय टेन्शन हाय काय? मी बोलली, टेन्शन कनच्या घरात न्हाय?" त्यांना धाप लागली. सलोनी पाणी घेऊन आली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. "आता मी शेतावर जात न्हाय. माडी चढत न्हाय. नातीला उचलत न्हाय. तू आलीस, बोललीस, चूक झाली. ते घेऊन मी काय करू?"

"काही करू नका. माफ करा असं म्हणायला मी आले नाही. तुम्हाला खरं कळायला हवं होतं."

"कलला. आता जा."

व्हेरा उठली. फाटकापर्यंत सलोनी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, त्या चिडल्यात." व्हेरा म्हणाली, "चिडू देत. त्यांचं बरोबर आहे." रिक्षा मिळेपर्यंत ती उन्हात उभी होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट मनातला राग प्रथमच नीट जागेवर बसल्यासारखा वाटला. आजवर तो समोरच्यावर उडायचा. आता त्याला काय हवंय ते तिला कळलं होतं : पुढच्या बाईची पट्टी वेळेत निघणं.

लेख छापून आला. आकडे होतेच. शिवाय एका परिच्छेदात लिहिलं होतं की चुकलेल्या निदानांपैकी एक मुख्य लेखिकेचं स्वतःचं आहे. दोन ओळखीच्या डॉक्टरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. गुणवंतभाईंनी वकिलाचं पत्र पाठवायचं ठरवलं होतं. हॉस्पिटलचं नाव लेखात कुठेच नव्हतं, तरी भाईंदरात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. ती लेखाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेली आणि तो परिच्छेद त्यांना मराठीत वाचून दाखवला.

"स्वतःचं कशाला लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला तुमचं लपवायला जागा राहू नये म्हणून."

गुणवंतभाईंनी प्रत मिटून बाजूला ठेवली. म्हणाले, "बोला, काय पाहिजे?"

तिनं एकच मागितलं. पस्तिशीपुढची कुणीही बाई छाती, जबडा, पाठ, दम, घाम यांतलं काहीही सांगत आली, तर सिस्टरनं डॉक्टरला न विचारता पट्टी काढायची. आधी पट्टी, मग प्रश्न. डॉक्टर लोकांना ते आवडलं नाही. आम्ही काय शोभेला बसलोय का, असं एक जण बोलला. ममता सिस्टर त्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा सर, पट्टी आम्ही आणून देतो."

वर्ष झालं. बायकांची मिनिटं सत्तेचाळीसवरून बारावर आली. भाईंदर-मीरा रोडच्या आणखी सहा नर्सिंग होमनी नियम उचलला. कॉलेजात व्हेराचा सत्कार झाला. ती शाल घेऊन खाली उतरली आणि सरळ वॉर्डात गेली.

विठू तांबेला तिनं हॉस्पिटलचं पत्र मिळवून दिलं. त्यात चूक कबूल केलेली आहे. त्यानं ते वाचलं. छापील अक्षर त्याला लागत होतं. "म्हणजे मी तिला चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. व्हेरानं त्याला तीन-तीनदा सांगितलं की तुम्ही नाही, आम्ही सांगितलं. त्याला ते पटलं की नाही, तिला अजून माहीत नाही.

चांगुणाबाई महिन्याला दाखवायला येतात, पण दुसऱ्या डॉक्टरकडे. पॅसेजमध्ये समोरासमोर आल्या तर बोलत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ओपीडीनंतर मीटिंग असते. व्हेरा तिथे टक्केवारी दाखवू देत नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलेल्या प्रत्येक बाईचं नाव वाचायचं आणि ज्याची ड्युटी होती त्यानं कारण सांगायचं. गेल्या महिन्यात तीन नावं होती. दुसरं वाचलं तेव्हा तरणा डॉक्टर साईराज म्हणाला, "मॅडम, अडतीस मिनिटं झाली, पण तिचा ईसीजी नॉर्मल निघाला. काही नव्हतंच तिला."

"ते तुला अडतीस मिनिटांनी कळलं," व्हेरा म्हणाली. "आधीची सदतीस तुला काय माहीत होतं?"

मग त्यानं कारण सांगितलं. मशीनचा कागद संपला होता, नवा रोल कपाटात कुलपात होता, किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. व्हेरानं कपाट उघडायला लावलं, कुलूप काढून घेतलं आणि ममता सिस्टरांच्या हातात दिलं. "हे परत लावायचं नाही," ती म्हणाली, आणि तिसरं नाव वाचायला सांगितलं.