न रागावणारी कंडक्टरबाई

सकाळी सातच्या ठोक्याला कंडक्टरबाई स्टीलच्या पेल्यावर दोनदा चमचा वाजवते आणि तेवीस घरांत तेवीस म्हातारी माणसं खुर्चीची पाठ धरून उभी राहतात. एकदा वाजला की थांबायचं. तीस वर्षं बसमध्ये घंटीवर हेच केलं. आता बस नाही, समोर लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप आहे.

म्हाताऱ्यांचा ऑनलाइन व्यायाम म्हटलं की शहाणी माणसं हसतात. हसू देत. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते, माझ्या डोक्यावर रोज तिचे पाय आपटतात, त्यामुळे मला कुणी शिकवायला येऊ नये.

निवृत्त झाली तेव्हा तिचेच गुडघे कुरकुरत होते. आरोग्य केंद्रातल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई घरी बसलेल्यांसाठी ऑनलाइन वर्ग घेत, त्यात ही शिकायला बसली. एक दिवस डॉक्टरीणबाईंचं नेट गेलं. पडद्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. रिकामं बसलेलं माणूस हिला बघवत नाही. "बघत काय बसलात, टाचा उचला," म्हणाली आणि सुटलीच. वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई परतल्या तर सगळे घामाघूम. त्यांनी मग तिला चार महिने घासूनपुसून शिकवलं. कुणाला काय झेपतं, चक्कर आली तर आधी काय करायचं, जिना चढताना धड पाय आधी आणि उतरताना दुखरा. सकाळचा वर्ग तिच्या हवाली झाला.

वर्गाचा एक नियम होता. प्रत्येकाचा पत्ता ग्रुपवर असायचा. कुणी पडद्यासमोर कोसळलं तर मदत कुठे पाठवायची? दुसऱ्यांचे पत्ते मागते म्हणून हिने स्वतःचाही टाकला होता.

तिचं बोलणं तर विचारू नका. चाळीस वर्षं मशीनवर वाकून पाठ गोल झालेले दर्जीमास्तर दहा वेळा उठबस झाली की हळूच बूड टेकायचे. लगेच वरच्या मजल्यावरून तिचा आवाज यायचा, "मास्तर, तुमचा स्टॉप अजून आलेला नाही." वर्गातल्या निवृत्त हेडबाई चहाड्या सांगायला तयारच. मास्तर चिडायचे, हसायचे, उठायचे. वर्षभरात एकही दिवस तिने त्यांना न रागावता सोडलं नाही.

अशात केंद्रावर नवे साहेब आले. त्यांचं म्हणणं, रोज तेच व्यायाम, मग रोज माणूस कशाला? एकदा चित्रण करा, रोज लावा. मी तडक त्यांच्या खोलीत गेले आणि जे बोलायचं ते बोलले, थोडं जास्तच बोलले. ते शांतपणे म्हणाले, आठवडाभर लावून बघू. कुणाची तक्रार आली नाही तर वर्ग बंद, चित्रण चालू. आणि आधी कुणाला सांगायचं नाही, नाहीतर मुद्दाम कुरकुर करतील.

तिला केंद्रात नेऊन चित्रण केलं. नावं घ्यायची नाहीत, ओरडायचं नाही, हसत राहायचं. घरी आली ती तशीच पलंगावर बसली. मी वर गेले तर म्हणाली, "बसमधून उतरले तेव्हा वाटलं होतं, आता कुणाला माझी गरज नाही. यांनी परत चढवलं आणि आता पुन्हा उतरवतायत."

सोमवारी सात वाजता चित्रण लागलं. हिने रागाने फोन बंद करून कपाटात टाकला आणि डोक्यावरून पांघरूण ओढून पडली.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. मास्तर सवयीप्रमाणे दहा वेळा झाल्यावर बसले. बाई हसतच. हेडबाईंनी चहाडी केली. बाई हसतच. मास्तरांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? उत्तर नाही, नुसतं हसू. चित्रण वगैरे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी अर्धांगवायूच्या झटक्याची लक्षणं पढवलेली होती, चेहरा बघा, बोलणं बघा. हेडबाईंनी निदान करून टाकलं, बाईंना झटका आलाय. फोन लावले, बंद. मग पत्ता उघडला.

आठ वाजता जिन्यात धापा ऐकून मी दार उघडलं. सात म्हातारी माणसं कठडा धरून चढत होती. पुढे मास्तर, तोंडाने "धड पाय आधी, धड पाय आधी" म्हणत. वर्षापूर्वी यातली चारजणं घराचा उंबरा ओलांडायला नातवाचा हात मागत होती. मीही मागोमाग वर गेले.

तिने दार उघडलं, केस विस्कटलेले. मास्तरांची धाप बघितली आणि तोंड सुटलं, "एकदम बसू नका मास्तर, भिंतीला टेका, आधी श्वास. अक्कल घरी ठेवून आलात?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बऱ्या आहेत," ते मागे वळून म्हणाले.

चित्रणाची गोष्ट मी सांगितली, सांगायचीच होती मला. हेडबाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मी पडले तर तुमचं चित्रण थांबेल का?"

साहेब काही म्हणायच्या आत हेडबाई पुढे सरकल्या.

"आम्हाला वाटलं बाई पडल्या, तर आम्ही सात जणं तिसऱ्या मजल्यावर आलोय. उद्या सात वाजता त्या हव्यात. ही तक्रार म्हणून लिहून घ्या. सात सह्या आणून देते."

साहेब म्हणाले, सह्यांची गरज नाही, उद्यापासून बाईच घेतील. माणूस अगदीच वाईट नव्हता, हे मी नाइलाजाने लिहिते आहे.

घरात खुर्च्या दोनच. बाकीचे पलंगावर, बादलीवर, जुन्या पेटीवर बसले. एकमेकांना पहिल्यांदा पायापर्यंत बघत होते. हेडबाई इतक्या बुटक्या आहेत हे मास्तरांना खरंच वाटेना. तासभर हसण्याने माझंच छत हलत असणार.

उतरताना मात्र तिने शिस्त लावली. दुखरा पाय आधी, एका पायरीवर एकच माणूस. खालून येणारा दूधवाला, ऑफिसला निघालेली जोडपी, सगळे अडकले. कुणीतरी घड्याळ दाखवून कुरकुरलं. ती जिन्याच्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "थांबा जरा. माझी माणसं उतरतायत."