गार्डचा लेयर बंद होता

आमचं डिझाइन ऑफिस मारुंजीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथं सर म्हणजे मालक, माझ्याहून सीनियर असलेला एक दादा आणि मी. आम्ही संगणकावर मशीन जुळवायचो आणि जवळच्या नेरे गावात सरांच्याच शेडमध्ये ती बनायची. माझी आत्या त्या शेडमध्ये ऑपरेटर आहे. मला हे काम मिळालं तेही तिनं सरांच्या कानावर घातलं म्हणून.

त्या दिवशी पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडणाऱ्या नव्या प्रेसची ट्रायल होती. पट्टी हातानं आत ठेवायची, पायानं पेडल दाबायचं, की वरून भोक पाडणारा पंच खाली येतो. ट्रायलला आत्या बसणार होती. हात आणि पंच यांच्या मधे एक पारदर्शक दार असतं. ते उघडं असेपर्यंत त्याचा स्विच पंचाला हलू देत नाही. दार, बिजागऱ्या आणि स्विच मिळून आम्ही त्याला गार्ड म्हणतो.

असेंब्लीत, म्हणजे अख्खी मशीन जोडलेल्या फाइलमध्ये, भाग इतके असतात की सगळे एकदम दाखवले तर स्क्रीनवर नुसती गर्दी होते. म्हणून ते वेगवेगळ्या लेयरवर टाकतात. लेयर बंद केला की त्यावरचे भाग फाइलमध्ये राहतात, पण दिसत नाहीत. पंचाच्या खालचं काम करताना गार्ड नेमका आड येतो. त्यामुळे फाइल उघडली की आधी गार्डचा लेयर बंद करायचा, ही आमच्या ऑफिसची रीतच होती. दादानं तो बंद केला, तसाच सेव्ह केला आणि त्यावरून शेडसाठी ड्रॉइंगचं शीट काढलं. शीटवर गार्ड आलाच नाही.

हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी सरांनी मला फक्त ग्राहकाला द्यायच्या ड्रॉइंगच्या प्रतीवर, ‘तपासले’ लिहिलेल्या चौकटीत माझी आद्याक्षरं टाकायला सांगितली. मी लहानपणी अक्षरं ओळखायला शिकले ती वडील वस्तीत वाटायचे त्या पत्रकांवर. मजुरीचं पत्रक, नळाचं पत्रक, विहाराच्या जागेचं पत्रक. घरात बसायला जागा कमी आणि गठ्ठे जास्त. वडिलांचा दंडक असा, की न वाचलेलं पत्रक दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, आणि ज्याच्या खाली कुणाचं नाव नाही ते वाटायचंच नाही. तेव्हा आद्याक्षरं टाकण्याआधी मी फाइल उघडली आणि सगळे लेयर चालू केले.

दार आलं. मग मी इंटरफिअरन्स चेक चालवला. कुठला भाग कुठल्या भागात घुसतोय ते तो लाल रंगात दाखवतो. दादानंही तो चालवला होता आणि एकही चूक निघाली नव्हती. पण आमच्याकडे तो फक्त दिसणाऱ्या भागांवर चालायचा. आता दाराची वरची बिजागरी लाल झाली. पंच ज्या प्लेटवर बसतो, तिच्या वाटेतच ती होती. दार लावून मशीन चालवली असती तर पहिल्याच फेरीत बिजागरी तुटली असती. शेडला गेलेलं शीट काढून बघितलं, तर त्यावर गार्डच नव्हता. म्हणजे शेडमध्ये दार लागलेलं नसणार.

वडिलांच्या पत्रकांवरून मला नेहमी चिडवणारा दादा खुर्ची फिरवून म्हणाला, “निघालं का नवीन पत्रक?”

मी त्याला स्क्रीन दाखवली. तो बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

सर ग्राहकाला आणायला निघत होते. त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. म्हणाले, ग्राहकाला भोकं बघायची आहेत, दार नाही. ट्रायल होऊ दे, बिजागरी उद्या सरकवू. तोवर प्रतीवर तो लेयर बंदच राहू दे.

“आणि आज हात कुणाचा आत जाणार, सर?”

“तुझी आत्या जुनी ऑपरेटर आहे. तिला कळतं.”

ते जिना उतरले. मी शेडमध्ये मशीन जोडणाऱ्या फिटरला फोन लावत राहिले. त्यानं उचलला नाही. आत्याचा फोन कामाच्या वेळी डब्याच्या पिशवीत असतो. बिजागरी किती बाहेर घेतली की प्लेट मोकळी जाते ते मी फाइलमध्ये पाहिलं, आकडा तळहातावर लिहिला आणि स्कूटी काढली. नेऱ्याच्या रस्त्यावर खडीचे डंपर आणि सामानाचे टेम्पो एकमेकांना वाट देत नव्हते. मी कडेच्या चिखलातून गाडी घातली. सरांची गाडी पुढे आहे की मागे, हे कळायला मार्ग नव्हता.

शेडमध्ये दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. मशीन चालू होती आणि आत्या स्टुलावर बसून हातमोजे चढवत होती.

फिटर गावातलाच, सगळे त्याला अण्णा म्हणतात. मी त्याला दार का लावलं नाही विचारलं.

“शीटवर न्हाई, मंग मशीनवर कसं आसंल?” तो म्हणाला. “मला वाटलं त्ये दुसऱ्या मशीनचं हाय.”

“मग स्विचशिवाय मशीन चालू कशी झाली?”

त्यानं पॅनेलकडे बघितलं. स्विचच्या दोन वायरी त्यानं एकमेकींना पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. ट्रायलपुरतं, असं तो पुटपुटला. मी मेन स्विच बंद केला आणि आत्याला सगळं सांगितलं. दार का नाही, वायरी का जोडल्या आहेत आणि सर काय म्हणाले, तेही. ती ऐकत होती आणि बोटांकडे बघत एकेक हातमोजा उतरवत होती.

तेवढ्यात सर ग्राहकाला घेऊन आत आले. मला बघून त्यांचा जबडा आवळला. ग्राहकासमोर ते हसतच आत्याला म्हणाले, “चला मावशी, दोन पट्ट्या काढून दाखवा.”

आत्या उठली नाही. “सायेब, आदी त्ये दार लागू द्या. मी हितंच बसलीया, कुटं पळून चाल्ली न्हाई.”

ग्राहकानं विचारलं, कुठलं दार? आत्यानं भिंतीकडे बोट केलं. तो दाराजवळ गेला, त्यावरचा कागद थोडा सोलून बघितला आणि म्हणाला की मग लावूनच बघू, मला घाई नाही. सर चहा सांगायला बाहेर गेले.

अण्णानं जाड पट्टीचे दोन तुकडे कापून भोकं पाडली, ते बिजागऱ्यांच्या मागे घातले आणि माझ्या हातावरच्या आकड्याएवढ्या त्या बाहेर घेतल्या. वायरी सोडवून स्विचला जोडल्या. मी मेन स्विच परत चालू केला. आत्यानं दार उघडं ठेवून, हात मांडीवर घेऊन, आधी पेडल दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. मग पट्टी ठेवली, दार लावलं, आणि पंच धाडकन खाली आला. माझे खांदे दचकले. तिचे नाही.

सर मला गाडीपाशी म्हणाले, “तुला सभा घ्यायला ठेवलं नव्हतं, तपासायला ठेवलं होतं.”

“तपासलंच, सर.”

काम गेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून असेंब्लीच्या फाइल माझ्याकडे नुसत्या बघण्यापुरत्या उघडू लागल्या. बदल करता येत नाहीत, लेयरची अवस्था सेव्ह करता येत नाही. मी आता फक्त सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. दादानं इंटरफिअरन्स चेक लपवलेल्या भागांवरही चालेल असं करून ठेवलंय. ते त्यानं मला सांगितलं नाही, मीच बघितलं. चौकटीत आता त्याची आद्याक्षरं असतात, आणि रोज सकाळी फाइल उघडली की गार्डचा लेयर बंद होतोच.

नेऱ्यात मात्र नवं शीट गेलं की आत्या ते अण्णाच्या हातून घेते. तिला ते सगळं वाचता येत नाही. ती फक्त विचारते, “ह्यात दार कुटं हाय?” अण्णा बोट ठेवून दाखवत नाही, तोवर ती हातमोजे घालत नाही.