दाजींच्या पायातलं वजन

खानदेशात वजनाला मान देणारी माणसं कमी नाहीत. केळीचा घड, कापसाची गासडी, सोयऱ्याचा शब्द, सगळं आमच्याकडे तोलून घेतात. पण पायात घालायची वस्तू आधी काट्यावर चढवून, मग पाण्यात टांगून, मग पुन्हा काट्यावर चढवून घेणारा माणूस मी सगळ्या मुलखात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. मी जळगावला एका कचेरीत कारकून होतो. आठवड्याचे सहा दिवस फायलींचे आणि सातवा दिवस दाजींचा. सकाळच्या एसटीनं अडीच-तीन तास हिंदकळत धुळ्याला जायचं, अक्काच्या हातचा चहा घ्यायचा आणि दाजींच्या मागं कुठल्यातरी विहिरीच्या काठावर दोर धरून उभं राहायचं. माझ्या तरुणपणातले बहुतेक रविवार असे उभ्यानं गेले. लोक देवाला जातात, सिनेमाला जातात, निदान दुपारी झोपतात तरी. मी दोर धरत होतो.

दाजींचं धुळ्याला मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. शेतातल्या मोटारी जळाल्या की त्यांच्याकडे येत, आणि विहिरीच्या तळाशी फूटवॉल अडकला, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप बंद पडली, की दाजी स्वतः पाण्यात उतरत. नाक धरून बुडी मारायची, हाताला लागेल ते ओढायचं आणि लाल डोळ्यांनी वर यायचं, असा साधा सरळ कारभार होता. तो बिघडला तो तापीवरच्या एका धरणामुळं. धरणाचे दरवाजे तपासायला मुंबईहून पाणबुडे आले होते. त्यांचा हवेचा पंप बंद पडला म्हणून दाजींना बोलावणं आलं. दाजींनी तो दोन तासांत चालू केला. जाताना त्या लोकांनी खूश होऊन त्यांना आपला एक जुना संच देऊन टाकला. पाठीवरचं हवेचं नळकांडं, तोंडात धरायची नळी, काच, कमरेचा शिशाचा पट्टा, सगळं होतं. फक्त पायात घालायची ती बदकाच्या पंजासारखी रबरी वल्ही नव्हती. त्यांना फिन म्हणतात हे आम्हाला त्याच दिवशी कळलं, आणि तिथून पुढं आमच्या घराला त्याशिवाय दुसरा शब्द ऐकू आला नाही.

कारण त्या पाणबुड्यांनी जाता जाता दाजींच्या कानात एक मंत्र फुंकला होता. पाण्यात माणूस आडवा राहिला पाहिजे, चटईवर पालथा पडल्यासारखा. आणि तो आडवा राहतो की नाही, हे बरंचसं पायातल्या फिनच्या वजनावर ठरतं. दाजींनी हे मला दुकानात, स्टोव्हवर तांब्याच्या तारेचं वार्निश उकळत असताना समजावून सांगितलं. "पाय खाले गयात की गाळ उठस, पाय वर गयात की डोकं गाळमा जास. बठ्ठं काम पायमा शे, भाऊ. डोकामा काहीच नई." आतून अक्का म्हणाली, "ते आम्हाला लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं."

पहिली जोडी आणायला दाजी सावद्याहून निघालेल्या केळीच्या ट्रकमधून मुंबईला गेले. हवेचं नळकांडंही भरून आणायचं होतं, ते घडांच्या मध्ये पाचटात निजवलं होतं. बंदराजवळच्या भंगाराच्या गल्लीत त्यांना फिनचा ढीग सापडला. आता निवड कशी करायची? दाजींना निवड करण्याची एकच पद्धत माहीत होती आणि ती त्यांना आमच्या आईनं, म्हणजे त्यांच्या सासूनं शिकवली होती. आम्ही मूळचे असोद्याचे. आमच्याकडे भरिताचं वांगं घेताना ते आधी हातात उचलून पाहतात. आकारानं मोठं पण हाताला हलकं लागलं तर बी कमी, जड लागलं तर आत नुसतं बी. दाजींनी त्या गल्लीत दुपारभर बसून एकेक फिन हातावर तोलली, अंगठ्यानं दाबली, कानाशी नेऊन वाजवलीसुद्धा, आणि सगळ्यांत हलकी जोडी घेऊन विजयी मुद्रेनं परत आले.

पुढच्या रविवारी मी दोर धरला. दाजी पुरुषभर खोल पाण्यात गेले आणि त्यांचे पाय वर आले. ते पायांना खाली दाबत, पाय पुन्हा वर येत. शेवटी दोन्ही फिन पाण्याबाहेर टाळ्या वाजवू लागल्या आणि दाजींचं डोकं तळाच्या गाळात गेलं. मी ओढून काढलं तेव्हा त्यांच्या कानात, मिशीत, नाकात काळा चिखल होता. "वांग्यानी गोष्ट येगळी शे," एवढंच ते बोलले. ती जोडी अक्कानं ताब्यात घेतली. चुलीला वारा घालायला इतकी उत्तम वस्तू तिला पुन्हा मिळाली नाही.

मला वाटलं, संपलं. पण दुष्काळात तेरावा महिना यावा तशी दुसरी जोडी आली. ही काळी, जाड रबराची, एकेक फिन खलबत्त्याएवढी जड. ही घालून दाजी पाण्यात खांबासारखे उभे राहिले आणि त्यांच्या पायांनी तळातला सगळा गाळ ढवळून काढला. विहिरीचा मालक आठ दिवस आमच्या नावानं खडे फोडत होता. तिसऱ्या जोडीच्या वेळी मात्र दाजींना एक शोध लागला. केळीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी टांगायचा काटा मागून आणला, घरामागच्या हौदावर बांधला आणि फिन पाण्यात सोडून तिचं वजन केलं. बाहेर जड लागणारी एक फिन पाण्यात तरंगली आणि हलकी लागणारी एक बुडाली. दाजींनी हौदाच्या कडेला उकिडवे बसून दोन्ही पुन्हा तोलल्या. मग मला म्हणाले, "बाहेरनं वजन खोटं शे भाऊ, पानीमानं खरं." कचेरीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं. पण मी दमलेलो होतो, शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून नुसतं हूं म्हणालो.

त्यानंतर वायसरांचं पर्व सुरू झालं. फिनच्या टाचेला आतून कापडाची पिशवी शिवायची आणि तिच्यात लोखंडी वायसर, म्हणजे नटाखाली बसवतात त्या चकत्या, एकेक करून घालायचे. एक वायसर घातला की पाण्यात उतरायचं, आडवं व्हायचं, मी वरून पाय बघायचे. "डावा खाली जातोय," मी ओरडायचो. दाजी वर येत, वायसर काढत, पुन्हा उतरत. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्यांचा डावा पाय मोडला होता, तो उजव्यापेक्षा बारीक होता. म्हणून डावीकडं तीन आणि उजवीकडं एक, हा हिशेब बसायला एक अख्खा हिवाळा गेला. या नादात दाजींना जमिनीवरही सुचेनासं झालं. नव्या चपलांचा डावा-उजवा वेगवेगळा तोलल्याशिवाय ते घेत नसत. दुपारी खाटेवर पोटाखाली उशी घेऊन पालथे पडत आणि उशी बोटभर पुढं-मागं सरकवत स्वतःचा मध्य शोधत. एकदा दाजींच्या पुतणीला बघायला आलेले सोयरे नेमके त्याच वेळी घरात शिरले. मुलीचे काका असे का तरंगतायत, हे त्यांना समजावून सांगण्यात अक्काचा चहा थंड झाला. सोयरीक मात्र जमली.

खरं सांगतो, मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. शेजारीपाजारी त्यांना बेडूकमिस्त्री म्हणत आणि मीही मनातल्या मनात म्हणत असे. फूटवॉल काढायला एवढी आरास कशाला, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही, कारण उत्तर ऐकायलाही अंगात बळ नसायचं.

उत्तर मिळालं ते एका वैशाखात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून सरपंच आणि दोन माणसं दाजींच्या दुकानी आली. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर उरली होती. मोटार चालू होती पण पाणी चढत नव्हतं, फूटवॉल तळाशी गाळात रुतून तुंबला होता. पाइप साखळीनं ओढला तर सगळा गाळ वर येणार. दोन वर्षांपूर्वी तेच झालं होतं. कुणा मिस्त्रीनं आत उडी मारून विहीर ढवळली, गावानं ते गढूळ पाणी आठ दिवस प्यायलं, पोरांना जुलाब लागले आणि एक मुलगी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. सरपंच हे सगळं खाली मान घालून सांगत होता. दाजींनी वार्निशचा डबा बंद केला आणि फक्त विचारलं, "तळमा किती गाळ शे?"

"मांडीइतला," सरपंच म्हणाला.

आम्ही रविवारी पोचलो. दाजी भर बाराला उतरणार होते, कारण तेवढा अर्धा-पाऊण तासच ऊन सरळ तळापर्यंत जातं. विहिरीभोवती गाव जमलं होतं. पुरुष फिनकडं बोट दाखवून हसत होते. बायका हसत नव्हत्या, त्यांच्या हातात रिकामे हंडे होते. एक चाळिशीची बाई पुढं आली. तिचीच मुलगी गेली होती, हे मला शेजारच्यानं हळूच सांगितलं. ती दाजींना म्हणाली, "भाऊ, पानी हालाले नको."

"नई हालाव, बहिन," दाजी म्हणाले. एरवी पाण्यात उतरण्याआधी तासभर बडबडणारा माणूस एवढंच बोलला. मग त्यांनी टाचेतले वायसर पुन्हा एकदा मोजले.

ते उतरले. मी दोर सैल सोडत गेलो. पाणी असं नितळ होतं की मला सगळं दिसत होतं. दाजी तळापासून हातभर वर आडवे झाले, एकदम सपाट, आणि तसेच राहिले. पाय वर नाहीत, खाली नाहीत. खाली तो मांडीभर काळा गाळ आणि त्याच्यावर हा माझा टकलू, पोट सुटलेला मेहुणा न हलता. त्यांनी दोन बोटांनी फूटवॉलभोवतीचा गाळ असा बाजूला केला की जणू झोपलेल्या तान्ह्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढतायत. जाळीत खताची एक फाटकी गोणी गुंतली होती. ती काढायला त्यांना अर्धा तास लागला. मी बुडबुडे मोजत होतो आणि माझे हात दुखत होते, पण त्या दिवशी दुखतायत हे मला नंतर कळलं. गोणी काखेत धरून दाजी सावकाश वर आले. तळ होता तसाच होता.

मोटार लावली आणि पाणी चढलं. बायकांनी हंडे लावले. त्या बाईनं ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि मग आपला हंडा पुढं केला. पुरुषमंडळींचं मात्र वेगळंच चाललं होतं. गाळ उठलाच नाही, म्हणजे हा माणूस तळाला गेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. "मझारच लटकी राहिंता, बुडबुडा सोडी राहिंता," एक जण हातानं विहिरीचा मध्य दाखवत म्हणाला. दुसरा म्हणाला, "आते व्होल्टेज वनं, म्हनीसन पानी चढनं." मी संतापून तोंड उघडलं, तर दाजींनी माझ्या दंडाला धरून मागं ओढलं. काच काढता काढता ते कुजबुजले, "डावामा अजून एक वायसर पाहिजे व्हतं." परतीच्या एसटीत त्यांना खिडकीशी झोप लागली. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि ते मी त्यांना सांगायला हवं होतं. उद्या कचेरी आहे, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणून मी गप्प बसलो. पुढच्या रविवारी वायसर होते.

मग बोअर आले, पाण्यातल्या मोटारी आल्या, विहिरी आटल्या आणि दाजींना कुणी बोलावेनासं झालं. गुडघ्यांनीही दगा दिला. गेल्या उन्हाळ्यात कचेरीच्या कामानं मी त्याच गावात गेलो होतो. चहा घेताना मी विहिरीचा विषय काढला. पाणी गढूळ करणाऱ्या त्या मिस्त्रीचं नाव, गाव, त्याच्या सायकलचा रंगसुद्धा लोकांना पाठ होता. पुढच्या वेळी फूटवॉल कुणी काढला, हे मात्र कुणाला आठवेना. कुणीतरी आला असेल, म्हणाले. त्या बाईची चौकशी केली, तर ती मुलाकडं सुरतेला राहायला गेली होती.

मी धुळ्याला उतरलो आणि हे सगळं दाजींना सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, अक्का आतून बघायला आली. दाजी खाटेवर पडून ऐकत होते. "कोनलेच याद नई?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एकालाही नाही." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग काम चोख व्हयनं," ते म्हणाले आणि त्यांनी अक्काला चहा टाकायला सांगितलं. तेव्हाही ते अभिमानाचं सांगायचं राहूनच गेलं. चहा घेतला आणि शेवटच्या एसटीनं जळगावला आलो. पण मला ते पटलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. दाजी तळाला गेले होते. दोर माझ्या हातात होता, मी पाहिलं आहे.