बाबांनी विमानं हाकलली

मागच्या वर्षी धानाची कापणी चालू असताना बाबा वारले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो शोधला, तेव्हा कळलं की घरात बाबांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते विमान हाकलत आहेत.

(आधार कार्डावरचा मी धरत नाही. त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात.)

आमचं घर करडी गावातलं. बाबांचा जन्म बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेला. डोक्यावरून विमान गेलं की ते निंदण थांबवून मान वर करायचे आणि आईला विचारायचे, "धानाच्या दान्याएवढं दिसते. खरंच एवढंच रायते का वं?" फोटो काढायचा म्हटलं की मात्र हा माणूस गोठ्याकडे चालू लागे. पण एकदा नागपूरला विमानांच्या कसरती होणार आणि त्या कोणालाही पाहता येणार, असं कळलं आणि बाबा पहिल्यांदाच फोटोला तयार झाले. अट एकच.

"मी आन विमान, दोघंई एका फोटोत पायजे. अन विमान मोठं पायजे. दान्याएवढं नाई!"

"मी काढते," मी म्हणाले.

सगळ्या अनर्थाचं मूळ हे दोन शब्द. मी तुमसरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तोवर मी एकही फोटो धड काढला नव्हता, पण त्या विषयावर आमच्याकडे पुस्तक होतं! ते मी आठवड्यात दोनदा वाचलं, वहीत टिपणं काढली. (पोहायलाही मी अशीच शिकले. म्हणजे, मला पोहता येत नाही.) धाकट्या भावानं, प्रवीणनं, लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा कॅमेरा आणला. आईनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले आणि बसायला म्हणून धान वाळवायची ताडपत्री गाडीत कोंबली.

मैदानावर ताडपत्री उलगडायला सुरुवात केली, ती संपेचना! लोकांना वाटलं, सरकारी सोय आहे. पाच मिनिटांत चपला काढून पाचसहा अनोळखी कुटुंबं तिच्यावर येऊन बसली. आईनं त्यांना पाहुणे समजून वडे वाटायला घेतले.

तेवढ्यात पहिलं विमान आलं. आवाज आला डावीकडून. मी डावीकडे कॅमेरा रोखला आणि धडाधड बटण दाबलं.

"ताई, काय काढून राहिली?" प्रवीण ओरडला. "विमान तं तिकडं गेलं!"

उजवीकडे एक ठिपका होता. तोही गेला.

"आवाज मागं रायते, बाई," बाबा म्हणाले. "गोफण मारताना पाखरू हाये तिथं नाई, जाऊन राहिलं तिथं धरा लागते."

"बाबा, पुस्तकात असं नाही."

"पुस्तकवाल्यानं पाखरं हाकलली हायेत का?"

पुढच्या विमानाला मी पुस्तकातली युक्ती केली. विमानासोबत कंबरेतून वळायचं, असं त्यात लिहिलं होतं. मी वळले. विमान फार वळलं, म्हणून मीही फार वळले! माझ्या कोपरानं एका काकांची टोपी उडाली, पाय वड्यांच्या डब्यात गेला आणि मी ज्यांच्या मांडीवर बसले त्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "बसा, बसा. ताडपत्री तुमचीच हाये."

आता शेवटची संधी होती. विमानांचा अख्खा थवा एकमेकांना खेटून समोरून येणार, असं भोंग्यावर सांगत होते. मी बाबांना मोकळ्या जागेत उभं केलं. "पाठ विमानाकडे. माझ्याकडे बघायचं. मागे वळायचं नाही. विमान तुमच्या डोक्यावर आलं की मी बटण दाबते."

बाबा आधार कार्डासारखे ताठ उभे राहिले. त्यांच्या खांद्यामागून थवा मोठा होत आला. मी बटणावर बोट ठेवलं. आणि मग तो आवाज आला.

चाळीस वर्षं माणसानं भरल्या शेताची राखण केलेली. मागून थवा उतरतोय म्हटल्यावर तो काय करणार? बाबा गर्रकन वळले, खांद्यावरचा दुपट्टा ओढला, डोक्यावर गरगर फिरवला आणि घसा फाडून ओरडले, "हुर्र्र्र! हा! हाऽऽ!"

आणि विमानं फुटली! एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन सरळ वर. कार्यक्रमात तसंच ठरलेलं होतं, पण हे बाबांना कोण सांगणार?

मग अशा टाळ्या पडल्या की वैमानिकांनासुद्धा मिळाल्या नसतील.

"पायलं का?" बाबा मला म्हणाले. "एकाच हाकेत!"

"काका, अजून एकदा!" ताडपत्रीवरचे पाहुणे उठले. थवा पुन्हा जुळून आला, तोवर टोप्या, पदर, रुमाल, सगळं हवेत तयार होतं. बाबा मुकादमासारखे हात वर करून उभे. "थांबा... जवळ येऊ द्या... घाई नोका करू... आता!" शेकडो लोक एका दमात ओरडले आणि विमानं पुन्हा पळाली! आई हसून हसून खाली बसली. प्रवीण तर ताडपत्रीवर लोळत होता.

मग बंदोबस्तावरचा एक शिपाई धावत आला. "काका, काहून हाकलून राहिले? ते आपलेच हायेत ना!"

"आपले हायेत म्हनून का धान खाऊ द्याचं?" बाबांनी विचारलं.

शिपायानं थव्याकडे पाहून घेतलं. आईनं त्याच्या हातावर डब्यातला वडा ठेवला. (माझा पाय न लागलेला.)

त्या संध्याकाळी घरी सगळे कॅमेऱ्याभोवती बसले. आभाळ. आभाळ. आभाळ. कोणाची तरी टोपी. आभाळ. शेवटी बाबांचा फोटो आला. चेहरा एका बाजूनं, तोंड उघडं, दुपट्टा हवेत, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर. मागे विमान नव्हतं. माझं बोट पुस्तकाप्रमाणे योग्य क्षणाची वाट पाहत राहिलं होतं.

"विमान कुठं हाये, बाई?" बाबांनी विचारलं.

एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली होती.

आई म्हणाली, "कुठं रायीन? तुमीच तं हाकललं."

बाबांनी फोटो पुन्हा नीट पाहिला. "हो ना," ते म्हणाले. "मंग बराबर हाये."

आता तो फोटो पुढच्या खोलीत लावला आहे. भेटायला येणारे हात जोडतात, फोटोकडे बघतात आणि हळूच विचारतात, "काय हाकलून राहिले होते?" आई सांगते, "विमान." मग शोकाला आलेली माणसं आमच्याकडून हसत जातात. माझ्याजवळ नागपूरच्या रिकाम्या आभाळाचे दोनशेच्या वर फोटो आहेत, कोणाला हवे असतील तर सांगावं. भिंतीवर बाबा आहेत आणि त्यांचा दुपट्टा आहे. विमान अजून एकही परत आलेलं नाही.