गाऱ्हाण्यातली मगर

आमचे काका जहाजावरून निवृत्त झाले आणि घरी स्वस्थ बसायचं सोडून वाशिष्ठीच्या खाडीत पर्यटकांना मगरी दाखवायला लागले. होडीला इंजिन बसवलं, व्हॉट्सअॅपवर जाहिरात फिरवली, जेटीवर मगरीचं चित्र असलेला बोर्ड लावला. चित्रातली मगर थेट पाल दिसत होती, पण काकांना सांगणार कोण? पर्यटकांना मगर दिसली नाही, की काका म्हणायचे, "काल दोन होत्या." त्यांचा तो काल कधी संपलाच नाही.

मग त्यांच्या मुलीचे सासरे साताऱ्याहून आले. "खाडीत कसली आलीय मगर? ओंडका बांधून ठेवला असंल," असं ते लग्नातच चारचौघांत म्हणाले होते. काकांना ते फार लागलं होतं. व्याह्यांना मगर दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असा त्यांनी हट्टच धरला.

"आज दिसली नाय ना, तर हे जेवायचे नायत," काकू मला म्हणाली.

ओहोटी लागल्यावर निघालो. तेव्हाच मगरी चिखलावर ऊन खात पडतात म्हणे. वाटेत खाडीच्या राखणदार देवाची जागा लागते. तिथे इंजिन बंद करून, पाण्यात नारळ सोडून गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. काकांनी टोपी काढली. आम्ही डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज पावण्यांना मगर दिसू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही एकसुरात ओरडलो.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. आंब्याचा मोहोर, जावयाची बढती, माझं लांबलेलं लग्न (हे कोणी विचारलं होतं?) आणि शेवटी व्याह्यांचा दुखरा गुडघा. प्रत्येक मागण्याला आमचं व्हय म्हाराजा. मधेच व्याही माझा खांदा गदागदा हलवायला लागले. गाऱ्हाण्यात असा चाळा चालत नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. डोळे न उघडताच मी त्यांचे हात धरून जोडून दिले.

डोळे उघडले तर समोर नुसता चिखल, आणि त्यावरून पाण्यापर्यंत गेलेला पोटाचा रुंद, ओला माग. व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इथंच पडली होती," ते म्हणाले. "तुमच्या दर व्हय म्हाराजाला शेपूट हलवत होती. माझ्या गुडघ्याचं आलं, तवा गेली पाण्यात."

आम्ही एवढे हसलो, की होडी डुलायला लागली. काका मात्र हसले नाहीत. परतताना मान वळवून त्या मागाकडे बघत राहिले. जिंकलेला माणूस हिरमुसतो कशाला, हे मला कळेना.

जेवताना त्यांनी स्वतः उठून व्याह्यांच्या ताटात सुरमईची तुकडी वाढली आणि हळूच विचारलं, "केवढी होती ओ? जरा नीट सांगा. मी अजून एक पण बघलेली नाय."