कपाटामागचा लिफाफा

अंबडजवळच्या एका गावात, निजामाच्या काळातल्या टपाल कचेरीत मी क्लार्क होतो. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. पोस्टमास्तरांनी तिथलं काहीच बदलू दिलं नव्हतं. उर्दू अक्षरांची पाटी, पितळी तराजू, पत्रं लावायचं खान्याखान्यांचं सागवानी कपाट, सगळं जपलेलं आणि रोजच्या वापरातलं. शाळांच्या सहली बघायला यायच्या. मास्तर कौतुकानं सांगायचे, "म्युझियम आहे, पण चालू!"

एकदा वाळवी लागली म्हणून कपाट भिंतीपासून ओढलं. मागच्या फळीला भेग होती आणि खाली एक लिफाफा पडलेला. त्यावर एका शाळेचा छाप, जवळच्याच वाडीतल्या मुलीचं नाव. आमच्या शिक्क्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख. त्या महिन्यात पत्रं लावायचं काम माझ्याकडं होतं.

मास्तर म्हणाले, "आता देऊन काय फायदा? उगं बदनामी. हे कपाट मोडीत काढायला लावतील."

मी लिफाफा माझ्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सायकलवर तो घेऊन वाडीला गेलो.

बौद्धवाड्यात ती घरापुढं कापूस निवडत बसली होती. डी.एड. झालेली. तिनं उभ्याउभ्या पत्र वाचलं. शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं होतं.

"दादा, कागद आल्ता," तिनं आत वडिलांना हाक मारली. "त्यांनी बोलावल्तं मला."

वडील बाहेर आले. पत्र उलटसुलट करून माझ्याकडं बघत राहिले. "आम्हाला वाटलं, आडनाव बघून बोलावलं न्हाई. मंग धाकटीला मी सातवीतून काढलं. म्हटलं, मोठी शिकून काय करून राह्यली?"

धाकटी कामावर गेली होती.

"कुठं राह्यल्तं हे?" त्यांनी विचारलं.

"कपाटामागं पडलं होतं."

कुणाच्या हातून, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मोठीनं पाणी आणून दिलं. ते मी मुकाट प्यालो, याची अजून लाज वाटते.

त्या शाळेतली जागा कधीच भरली होती. जूनमध्ये मोठीनं भांडून धाकटीला परत शाळेत घातलं. पण लहान पोरींत बसायची तिला शरम वाटायची. दिवाळीनंतर ती गेलीच नाही. मोठीला पुढं घनसावंगीकडं नोकरी लागल्याचं कानावर आलं.

वरच्या साहेबांना मी लेखी खुलासा पाठवला, त्यात माझी चूक कबूल केली. माझी बदली झाली. कागदावर लिहिलं ते त्या घरी जाऊन सांगणं मात्र जमलं नाही. वाडीचा फाटा आला की मी एसटीत दुसऱ्या बाजूला बघायचो.