आईच्या गालावरचे वण

आमचे बाबा फोटो स्टुडिओत रीटचिंग करायचे. म्हणजे काय ते आजच्या पोरांना समजावत बसणं म्हणजे डोकेदुखी, पण सांगते. निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे खड्डे, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून टाकायची. फोटो छापला की गाल धुतलेल्या बशीसारखा. लग्नाच्या मुलींचे फोटो लोक मुद्दाम त्यांच्याच हाती द्यायचे.

आणि अशा माणसाच्या बायकोच्या तोंडावर देवीचे वण. लहानपणी ती आजारातून वाचली, वण तेवढे राहिले. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा. तिला त्याचं काही नव्हतं. भाजीवाली टक लावून बघायला लागली की म्हणायची, मोजून झाले असतील तर आता भाजीचं वजन करा. आम्ही लाजेनं मरायचो. आम्ही कसले, मीच. एकुलती एक होते.

मी सोळा वर्षांची असताना बाबांनी आईला स्टुडिओत नीट बसवून तिचा फोटो काढला. त्या एका निगेटिव्हवर ते तीन दिवस वाकून होते. फोटो घरी आला तेव्हा आईनं तो उजेडात धरून पाहिला.

"छान आहे हो बाई," ती म्हणाली. "कोण ही?"

बाबा हसले, मीही हसले. त्यानंतर ती कॅमेऱ्यापुढे कधी बसली नाही. माझ्या लग्नातसुद्धा सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला तेव्हा बाईसाहेब नेमक्या भांडी मोजायला गेलेल्या. कामात असेल, असं आम्ही धरून चाललो. डोळे फुटले होते आमचे.

मागच्या वर्षी आई गेली. भिंतीवर तोच फोटो लावला. पंधरा दिवस बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत होते, मग म्हणाले की ही ती नव्हे. तिचा दुसरा फोटो नव्हताच; निगेटिव्ह असती तर पेन्सिल पुसून वण परत आणता आले असते, पण ती कुठून आणणार? स्टुडिओ बंद पडला तेव्हाच सगळ्या भंगारात गेल्या. बाबांचा उजवा डोळा कामातून गेलेला, डावाही फार तर वर्षभर साथ देईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याच्या आत त्यांना आईचा खरा चेहरा एकदा बघायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं म्हाताऱ्याचं.

कपाटात त्या फोटोच्या आणखी तीन प्रती निघाल्या. बाबांनी जुना डबा उघडला, शाई कालवली, अगदी बारीक ब्रश घेतला आणि वण परत रंगवायला बसले. पहिली प्रत हात थरथरून वाया गेली. गालावर माशा बसल्यासारखे ठिपके. ते स्वतःवरच चिडले. खड्डा म्हणजे ठिपका नव्हे, त्याला एका काठावर उजेड लागतो, दुसऱ्या काठाची सावली आत पडते, हे मला लहानपणी शिकवणारे तेच. दुसऱ्या प्रतीवर नाकाच्या शेंड्यावरचा वण अस्सा उतरला की मी बोट पुढे नेलं. हात लावला तर बोटाला लागेल असा. पण पुढे ब्रश गालावर नेला आणि तिथेच थांबला. शाईचा थेंब पडला, प्रत गेली.

"आठवत नाही गं," बाबा म्हणाले. "जन्मभर तिच्याकडे बघितलं, पण बघता बघताच दुरुस्त करत गेलो. सवयच ती."

मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, माझंच चुकलं. मीच तुम्हाला म्हणाले होते ना, मैत्रिणी घरी येतात, आईचा फोटो जरा साफ करा म्हणून. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तू म्हणालीस तेव्हा दोन्ही गाल करून झाले होते," ते म्हणाले. "तू कशाला मनाला लावून घेतेस? तिला विचारायला हवं होतं मी. वण असू देऊ का, एवढंच."

मग त्यांनी शेवटची प्रत माझ्यासमोर सरकवली आणि ब्रश माझ्या हातात दिला. तुझा हात स्थिर आहे, म्हणाले, आणि लेकरू आईचं तोंड जितक्या जवळून बघतं तितकं कोणी बघत नाही. तू सांग, डाव्या गालावर कुठून सुरुवात करायची?

मी ब्रश शाईत बुडवला. डोळे मिटून आईला समोर आणायला गेले. तिचा आवाज आला, पदराला हात पुसणं आलं, भाजीवालीशी हुज्जत घालणं आलं. गाल काही येईना. शाळेच्या फाटकापाशी ती न्यायला यायची तेव्हा मी दुसरीकडेच बघायचे, पुढे तीच सवय लागली. बाबा आपला उरलेला डोळा बारीक करून माझ्या हाताकडे बघत होते.

"घाई नाही," ते म्हणाले. "आठव सावकाश."

ब्रशवरची शाई वाळली. मी तो परत बुडवला.